आडवी रेघ

प्रश्न क्रमांक चौदा असा होता : ‘कुटुंबातील कमावत्या व्यक्ती, वय 18 पूर्ण.’ खाली चार रकाने. नाव, नातं, काम, महिन्याचं उत्पन्न. उरणच्या बाजूच्या एका कोळीवाड्यात, एका घराच्या पडवीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी तो भरून घेत होते. समोर आजी उकिडवी बसलेली आणि तिच्या मांडीवर नातीचा पाय. दोघी नुकत्याच खाडीतून वर आल्या होत्या. पोरीच्या पोटऱ्यांवरचा चिखल वाळून पांढुरका पडला होता, आणि त्या पांढुरक्यावर घोट्यापासून टाचेपर्यंत काळे, चकचकीत चट्टे. आजी जुन्या लुगड्याचा बोळा खोबरेलात बुडवून ते चट्टे पुसत होती. पुसत कसली, पसरवत होती. काळं जायच्या आधी ते तपकिरी होतं, मग पिवळट, आणि मग कुठे कातडी दिसते. पडवीभर खोबरेलाचा आणि त्याखाली डिझेलसारखा एक जड वास. दाराशी टोपली, तिच्यावर ओलं गोणपाट, गोणपाटाखाली कालवं आणि ओंजळभर खुबे.

“ताय, तिचा पन लिव,” आजी बोळा न थांबवता म्हणाली. “ती यते ना माजे संगती.”

मी म्हटलं, आजी, हे फक्त मोठ्यांचं आहे. “मोट्यांचा? मासली काय वय इचारून यते?” मी हसले. हसून विषय पुढे ढकलायचा म्हणून विचारलं, दोघींचं मिळून किती होतं. “आदी एका उधानाला पोरीच्याच चार पाट्या व्हायच्या. आता दोन जाल्या तरी लय.” पोरीनं मान वर केली. ती काहीतरी सांगणार होती, ओठ हलले होते. पण माझं पेन तोवर पुढच्या ओळीवर गेलं होतं. आजीचं नाव लिहिलं, मुलाचं लिहिलं, सुनेचं लिहिलं. चौथ्या ओळीत एक आडवी रेघ मारली, म्हणजे ‘लागू नाही.’ पोरगी त्या रेघेकडे बघत होती. पाचवी-सहावीतल्या मुलांना फॉर्म वाचता येतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

परतताना मोरा धक्क्यावर तासभर थांबावं लागलं. ओहोटी लागली की तिथला गाळ उघडा पडतो आणि भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच लागत नाही. मांडीवर छत्तीस फॉर्मांचा गठ्ठा घेऊन मी कठड्यावर बसले होते. समोर चिखलात बगळे. लांबवर जहाजं रांगेत उभी, आपला नंबर लागायची वाट बघत. काम चांगलं झालं होतं. बंदराच्या आणि भरावाच्या कामांमुळे ज्यांच्या जाळ्यात काही येईनासं झालं त्यांच्या नुकसानीचा हिशेब मांडायचा, त्यातून दाव्यासाठी कायदेशीर टिपण तयार करायचं, असं ते काम. छत्तीस घरं एका दिवसात म्हणजे पुष्कळ. तरी मला बरं वाटत नव्हतं. ती रेघ डोक्यातून जाईना. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. फॉर्मवर जे विचारलं होतं त्याचंच उत्तर दिलं होतं. मग हे काय टोचतंय, ते उमजेना.

लाँच आली तेव्हा बोटांना खोबरेलाचा वास येतोय असं वाटलं. पोरीच्या पायाला तर मी हात लावला नव्हता.

तो वास माझ्या ओळखीचा होता. म्हणजे खोबरेलाचा नव्हे, त्याखालचा. माझं आजोळ गुहागरच्या पुढे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मे महिन्यात आम्ही आते-मामे भावंडं सकाळीच किनाऱ्यावर जायचो आणि दुपारी परत येताना सगळ्यांच्या पायांना डांबर. वाळूत ते गोळ्यांच्या रूपात पडलेलं असायचं, वरून वाळू चिकटलेली, त्यामुळे दिसायचं नाही. पाय पडला की आतून मऊ. आजी मागच्या दारी पायरीवर आम्हाला ओळीनं बसवायची आणि रॉकेलच्या चिंधीनं एकेकाचे पाय घासायची. “मेल्यांनो, कुठून आणता हे डांबर!” आम्हाला वाटायचं समुद्रच ते करतो, जसा तो शिंपले करतो, फेस करतो. जहाजांच्या टाक्या धुऊन ते पाणी खोल समुद्रात सोडतात, सांडलेलं तेल लाटांवर घुसळून घट्ट होतं, आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की ते गोळे होऊन कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला लागतं, हे कळायला मला वकिलीच्या अभ्यासापर्यंत थांबावं लागलं. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतले लोक वर्षानुवर्षं या गोळ्यांचा माग काढत आलेत. तेलाचा प्रत्येक साठा वेगळा असतो, त्याची रासायनिक खूण असते. म्हणजे आमच्या टाचांवर कुठल्यातरी अनोळखी जहाजाची सही होती, आणि आजी ती रॉकेलनं पुसून टाकत होती.

ऑगस्ट 2010 मध्ये मी मुंबईत कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. 7 तारखेला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा एका अंगावर कलली, डेकवरचे कंटेनर खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे समुद्रात घसरले, त्यातल्या काहींत कीटकनाशकं होती, आणि सुमारे 800 टन तेल पाण्यात गेलं. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. होड्या रंगवून तयार, जाळी विणून तयार, आणि मासळीला गिऱ्हाईक नाही. लोक घाबरून मासे खायचे थांबले होते. वर्गात आम्ही त्यावर चर्चा केली. जहाजमालकाची जबाबदारी, विमा, भरपाईच्या मर्यादा. चर्चा छान रंगली होती. कोळीवाड्यातली पोरं त्या आठवड्यात काय जेवली असतील, हा प्रश्न त्या वर्गात कुणाला पडला नाही. मलाही नाही. आमच्यापुढे जो विषय होता त्याचं नाव ‘सागरी कायदा’ होतं, आणि बालहक्क हा पुढच्या सत्राचा पेपर होता.

घरी आल्यावर रात्री मी कायदा उघडला. आडव्या रेघेला काहीतरी आधार सापडेल, अशी आशा होती. आधार सापडला, आणि तिथून माझी झोप उडाली.

बालकामगार कायद्यात 2016 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिनं चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर सरसकट बंदी घातली. त्याला एक वाट ठेवली : मूल शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत आपल्या कुटुंबाला, कुटुंबाच्या उद्योगात मदत करू शकतं, काम धोक्याचं नसलं तर. ही वाट ठेवावी की नाही यावर तेव्हा बरंच भांडण झालं होतं, आणि मी वाट ठेवू नये म्हणणाऱ्यांतली होते. आजही मला तिची भीती वाटते, कारण कुटुंबाच्या नावाखाली काय काय चालतं ते मी पाहिलंय. पण त्या रात्री मी ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या वाचत होते. आई, वडील, भाऊ, बहीण. मग वडिलांचे भाऊ-बहिणी, म्हणजे काका आणि आत्या. मग आईचे भाऊ-बहिणी, मामा आणि मावशी. संपलं. मी पुन्हा वाचलं. बोट ठेवून वाचलं.

त्यात आजी नाही.

ज्या माणसानं हे लिहिलं त्याच्या मनात काही वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारा, पोर खाडीत कुणाबरोबर उतरतं? बाप तांडेलाच्या हाताखाली खलाशी म्हणून होडीवर. आई पहाटे मुंबईला, धक्क्यावरून मासळी उचलून दारोदार विकायला. घरात राहते ती आजी, आणि खाडीचं ज्ञान तिच्याकडेच असतं. कुठल्या खडकाला कालवं धरतात, चिखलात कुठलं भोक खुब्याचं आणि कुठलं चिंबोरीचं, पाय कुठे टाकला की गुडघ्यापर्यंत जातो, हे सगळं आजीकडून नातीकडे येतं. कायद्याच्या अक्षराप्रमाणे मात्र ही मदत कुटुंबाला नव्हे.

पुढे नियम आहेत, 2017 चे. मुलानं संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळात मदत करायची नाही. शाळेच्या वेळात करायची नाही. नियम म्हणून किती रास्त आहे! शहरातल्या खानावळीत, जरीकामाच्या खोलीत, रात्री अकरापर्यंत डोळे फोडणाऱ्या मुलांसाठी तो लिहिलाय आणि तो तसाच राहायला हवा. पण भरती-ओहोटी घड्याळावर चालत नाही. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांचा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंधराव्या तिथीला भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी पहाटे साडेपाच-सहाला. आणि पुनवेच्या, अवसेच्या उधाणातच पाणी सगळ्यात लांब हटतं, कालवांचे खडक पार मुळापर्यंत उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास ओहोटी भर दुपारी येते, पण ती भांगाची. पाणी हटल्यासारखं करतं आणि तिथेच घुटमळतं. शिवाय तेव्हा शाळा भरलेली असते. चंद्र आणि नियम यांची गाठ पडते ती एखाद्या रविवारी किंवा उधाणातल्या एखाद्या संध्याकाळी. ती पोर पुनवेच्या पहाटे आजीच्या मागून चिखलात उतरते आणि आठच्या आत घरी येऊन, पाय धुऊन, वेणी घालून शाळेत जाते. तिचं दफ्तर मी पडवीत पाहिलं होतं, खुंटीला अडकवलेलं.

म्हणून मी रेघ मारली होती. हे मला त्या रात्री स्वतःशी कबूल करावं लागलं. तिचं नाव कमावत्यांच्या यादीत घातलं असतं तर दाव्याच्या कागदपत्रांत आम्हीच लिहून दिलं असतं की या घरात अकरा वर्षांचं मूल कामाला आहे. समोरच्या बाजूच्या वकिलानं ते पहिल्या तारखेलाच उचललं असतं. आजीलाच आरोपी करून टाकलं असतं. मी तिचं रक्षण केलं, असं मला म्हणता आलं असतं. आणि खरंच, ते रक्षण होतंही. फक्त त्या रक्षणाची किंमत अशी की खाडीनं तिचं जे नेलं, ते कुठेच नोंदलं गेलं नाही. तिच्या चार टोपल्यांच्या दोन झाल्या, त्या पैशातून तिची वह्या-पेनं यायची ती बंद झाली, पायाला सारखी खाज सुटते म्हणून ती शाळेत मोजे घालून जाते. यातलं काहीही घडलेलं नाही, असं माझा कागद म्हणत होता.

पुढचे कित्येक दिवस मी जुने निवाडे चाळत राहिले. या तीन गोष्टी, माणसाचे हक्क, मूल आणि समुद्र, कुठल्या एका निकालात एकत्र आल्यात का, ते मला बघायचं होतं. एका संध्याकाळी दोन तारखा शेजारी शेजारी आल्या आणि मी लिहायची थांबले. 10 डिसेंबर 1996, मानवी हक्क दिनाच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयानं शिवकाशीच्या काडेपेटी-फटाक्यांच्या कारखान्यांतल्या मुलांबद्दल निकाल दिला. एम. सी. मेहता यांची याचिका. मूल कामाला ठेवणाऱ्या मालकानं प्रत्येक मुलामागे 20,000 रुपये भरायचे, त्या पैशांतून त्या मुलाचं शिक्षण व्हायचं. आणि दुसऱ्याच दिवशी, 11 डिसेंबर 1996 ला, त्याच न्यायालयानं किनाऱ्यावरच्या कोळंबी शेतीबद्दल निकाल दिला. याचिका एस. जगन्नाथन यांची, तमिळनाडूतल्या भूदान चळवळीत आयुष्य घातलेले वृद्ध गांधीवादी. भरतीरेषेपासून 500 मीटरच्या पट्ट्यात कोळंबीची तळी नकोत, ज्यानं प्रदूषण केलं त्यानंच भरपाई द्यायची, असा तो निकाल. दोन्ही पीठांवर न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. दोन्ही प्रकरणांची मुळं तमिळनाडूत. दोन्ही निकाल मोठ्या मनाचे, त्यांच्या जोरावर पुढे कितीतरी लोकांना न्याय मागता आला. मी दोन्ही छापून टेबलावर शेजारी ठेवले. एकात मूल आहे, पण त्याच्यामागे धुरकट कारखाना. दुसऱ्यात समुद्र आहे, खारावलेल्या विहिरी आहेत, वाट अडलेले मच्छीमार आहेत. त्या विहिरींचं पाणी पिणारं मूल दुसऱ्या निकालात यायला एक दिवस उशीर झाला म्हणा किंवा एक दिवस आधीच येऊन गेलं म्हणा. दोन कागदांच्या मध्ये माझ्या टेबलाची बोटभर पट्टी दिसत होती. ती पोर मला तिथे उभी दिसली.

आपल्याकडचाच निकाल घ्या. रामदास जनार्दन कोळी यांनी हरित लवादाच्या, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायासनाच्या, पुणे पीठापुढे नेलेलं प्रकरण या कामात असलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. 27 फेब्रुवारी 2015 ला लवादानं उरण-पनवेल पट्ट्यातल्या 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95.19 कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तिवरं तुटली, भरतीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्या, पारंपरिक मासेमारी बसली, हे एका न्यायासनानं लिहून ठेवलं, ही लहान गोष्ट नव्हे. त्या निकालाची प्रत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. यावेळी मी ती वेगळ्या नजरेनं वाचली. कागदाच्या कोपऱ्यात भागाकार केला. एका कुटुंबाच्या वाट्याला सुमारे 5 लाख 84 हजार. एकक आहे कुटुंब. कुटुंब म्हटलं की त्यात मूल आलंच की, असं कुणी म्हणेल. येतं, पण कसं येतं? बापाच्या ताटात वाढलेलं येतं. बापाचं उत्पन्न बुडालं म्हणून मुलाचं नुकसान. मुलाचं स्वतःचं, त्याच्या अंगाचं, त्याच्या खेळायच्या जागेचं, त्याला आजीकडून मिळणाऱ्या विद्येचं नुकसान त्या भागाकारात कुठल्या आकड्यात धरायचं?

हरित लवादाच्या कायद्याला एक अनुसूची आहे, भरपाई कशाकशाबद्दल मागता येते त्याची. मृत्यू, अपंगत्व, आजार, औषधपाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, बुडालेला धंदा. दुभती जनावरं आहेत, ओढकामाची जनावरं आहेत, पाण्यातले जीव आहेत, पिकं, भाजीपाला, झाडं, फळबागा आहेत. इतकं बारकाईनं लिहिलंय की वाचताना एखादं गाव डोळ्यांपुढे उभं राहतं. ‘मूल’ हा शब्द नाही. आजार आणि मृत्यू यांत ते मोडतं हे मला कळतं, कोर्टात मी तसंच म्हणेन. पण शिवाय मुदत आहे, घटनेपासून पाच वर्षं, फार तर वर साठ दिवस. विष हळूहळू भिनतं. सहा वर्षांच्या मुलाच्या शरीरात आज जे जातंय ते त्याच्या अकराव्या वर्षापर्यंत दिसलं नाही, तर?

हा ‘तर’ कुणी जगून दाखवलाय. जपानमध्ये, मिनामाता नावाच्या गावात.

मिनामाताबद्दल शाळेच्या पुस्तकात दोन ओळी असतात, पारा आणि मासे. मी त्या कामासाठी पुन्हा वाचायला घेतलं आणि कळलं की त्या सगळ्याची सुरुवात दोन बहिणींपासून झाली. 1956 च्या एप्रिलमध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला चालता येईनासं झालं, बोलणं अडखळू लागलं, आणि आठवडाभरात तिची धाकटी बहीणही तशीच. घर अगदी पाण्याला लागून. समोरच्या खाचेतल्या शिंपल्या हे घरचं रोजचं अन्न. 1 मे रोजी गावातल्या चिस्सो कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा यांनी आरोग्य कार्यालयाला कळवलं की मेंदूचा एक अनोळखी आजार पसरतोय. कारखाना 1932 पासून पाण्यात पारा सोडत होता, आणि नंतरही, 1968 पर्यंत सोडत राहिला. मधे, 1959 च्या डिसेंबरअखेरीस, कंपनीनं आजाऱ्यांच्या कुटुंबांशी एक करार केला. त्याला भरपाई म्हणायचं नाही, ‘सांत्वनाचे पैसे’ म्हणायचे. मोठ्या माणसाला वर्षाला एक लाख येन. मुलाला तीस हजार. आणि खाली अट, उद्या दोष कारखान्याचाच निघाला तरी आणखी मागायचं नाही. ज्यांच्या घरात चूल पेटत नव्हती त्यांनी सह्या केल्या. 20 मार्च 1973 ला कुमामोतोच्या न्यायालयानं तो करार नीतिबाह्य म्हणून रद्द केला तेव्हा ज्यांची किंमत तीस हजार येन ठरली होती त्यांतली कितीतरी मुलं मोठी झाली होती, किंवा उरली नव्हती.

एक लाख आणि तीस हजार. मी या आकड्यांकडे खूप वेळ बघत बसले. माझ्या फॉर्मवर तीस हजारांइतकीही जागा नव्हती.

पण मला हलवून गेली ती गोष्ट वेगळीच. ज्यांनी एक घासही मासा खाल्ला नव्हता अशी, जन्मतःच आजारी मुलं तिथे होती. गर्भाशयातली वार विष अडवते, आईच्या अंगातलं बाळापर्यंत पोचत नाही, अशी तेव्हाच्या वैद्यकाची पक्की समजूत. 1962 मध्ये ती मोडली. पण कुठल्या वर्षी, कुठल्या बाळापर्यंत, किती पारा पोचला होता, याचा पुरावा कुठून आणायचा? समुद्राचं पाणी केव्हाच वाहून गेलेलं. तर जपानमध्ये अशी रीत आहे की बाळाची नाळ वाळवून, एका लहानशा लाकडी डबीत घालून, आईनं जपून ठेवायची. मिनामाताच्या आयांनीही ठेवली होती. डॉक्टर हरादा यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या डब्या मागून आणल्या, आणि वीस-वीस वर्षं कपाटात पडलेल्या नाळेच्या त्या वाळक्या तुकड्यांतून पारा मोजला. सालवार मोजला. कारखान्याचं उत्पादन वाढलं तसा नाळेतला पाराही वाढलेला.

आपल्याकडे नाळ पुरतात. माझी आजोळी पुरलीय, मागच्या दारच्या माडाखाली, आजी मला तो माड दाखवायची. “इथं तुझी नाळ आहे, कुठंही गेलीस तरी पाय इकडे वळतील.” आपल्या भाषेत नाळ म्हणजे गावाशी असलेलं नातं, ते जुळतं, तुटतं. नाळ म्हणजे पुरावा, असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. त्या रात्री मी आईला फोन करून उगाचच विचारलं, माझी नाळ नक्की कुठल्या माडाखाली गं? आई म्हणाली, तो माड 2020 च्या वादळात पडला. मग आम्ही दोघी बराच वेळ आजीबद्दल बोलत राहिलो.

बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं चोविसावं कलम आरोग्याचं. त्यात पोषण आणि स्वच्छ पाण्याबद्दल लिहिताना प्रदूषणाचे धोके लक्षात घ्या, असं स्पष्ट म्हटलंय, 1989 मध्येच. भारतानं तो करार 11 डिसेंबर 1992 ला स्वीकारला. पुन्हा डिसेंबरची अकरा तारीख, पण त्यात मी अर्थ शोधत नाही. 2023 मध्ये त्याच करारावर देखरेख करणाऱ्या समितीनं मुलं आणि पर्यावरण यांवर सविस्तर भाष्य प्रसिद्ध केलं. त्यात मुलांचं ऐकून घ्या, हे ठासून सांगितलंय. मला हे आधार हवे होते. आमच्या टिपणाची पाहणी करणारे ज्येष्ठ वकील कडक आहेत, आधाराशिवाय एक ओळ पुढे जाऊ देत नाहीत, आणि ते त्यांचं बरोबरच आहे. मी त्यांना म्हटलं, सर, मला एक परिशिष्ट जोडायचंय. मुलांचं. कमाई म्हणून नाही. त्यांनी विचारलं, मग काय म्हणून? मी म्हटलं, गमावलेलं म्हणून. संविधानातल्या एकविसाव्या कलमातलं जगणं, त्यात निर्मळ पाणी येतं हे 1991 पासून ठरलेलं आहे. त्या जगण्याचा मुलाचा स्वतंत्र वाटा म्हणून. खाडी ही त्या मुलीची शाळेबाहेरची शाळा होती आणि अंगणही. तिला तिथून काय मिळत होतं आणि आता काय मिळत नाही, एवढंच लिहायचं. नाव नाही, गाव नाही, कुणाला शोधता येईल अशी खूण नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, “आजीला त्रास होणार नाही असं लिहिता येतंय का बघ. आणि पोरीला विचारल्याशिवाय लिहू नकोस.”

म्हणून मी पुन्हा गेले. रविवार होता, दुपारची ओहोटी नुकतीच उलटलेली. आजी पडवीत सुकट निवडत होती. पोरगी गणिताची वही घेऊन बसलेली, पायांत मोजे. मी दोघींना काय करायचंय ते सांगितलं. हे कामाचं नाही, कुणी पकडायला येणार नाही, तुझं नाव कुठेही येणार नाही, नको असेल तर नको म्हण. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, वाचून दाखव आधी. मी वाचलं. साधंच लिहिलं होतं, कायद्याचे शब्द शेवटच्या परिच्छेदात ठेवले होते. ‘पूर्वी एका उधाणाला साधारण चार टोपल्या कालवं मिळत’, इथवर आले आणि तिनं मला थांबवलं.

“चार नाही. सहा.”

आजी म्हणाली, “अगो, चारच व्हायच्या.”

“त्या तुज्या पाटीनं चार,” ती आजीला म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, शाळेत उत्तर देतात तशा सुरात, “आजी मोजते तिच्या पाटीनं. माझी टोपली लहान आहे. माझ्या टोपलीनं सहा व्हायच्या. आता तीन होतात. त्या दिवशी पण सांगणार होते.”

मी चार खोडलं आणि सहा लिहिलं. मग विचारलं, तुझी टोपली केवढी? ती उठली, आत गेली. बांबूची टोपली, एका बाजूला निळ्या सुतळीनं सांधलेली, काठाला कालवांच्या शिंपल्यांनी पडलेले पांढरे ओरखडे. आत डांबराचा एक डाग, वाळून टणक झालेला. तिनं ती माझ्या पुढ्यात ठेवली. माझ्याकडे पट्टी नव्हती. तिनं स्वतःच वीत लावली, तोंडावर एकदा, मग खोलीला. “दीड वीत,” ती म्हणाली. “आणि खाली एक. पण माझी वीत हां, तुझी नाही. लिहिलंस?”